एका रेघेचा अर्थनिर्णय : व्हर्जिनियाच्या ९४व्या मतदारसंघातील निवडणूक, २०१७

‘मत’ हा शब्द मराठीत दोन क्षेत्रांत वावरतो. एखाद्या प्रश्नाविषयी मनुष्याचे मत असते आणि निवडणुकीत तो मत देतो. दोन्ही ठिकाणी मूळ धातू ‘मन्’ हाच आहे. मत म्हणजे मानलेले, मनाने ठरविलेले. युरोपीय भाषांतील ह्याच क्षेत्रातील काही शब्दांची घडण निराळी आहे. इंग्रजीतील ‘बॅलट’ हा शब्द लहान गोळीच्या अर्थाच्या इटालियन शब्दावरून आला. निवडणूकशास्त्राच्या इंग्रजी नावात जो ग्रीक शब्द दडलेला आहे त्याचा अर्थ खडा असा आहे. म्हणजे मराठी शब्दाने मानसिक व्यापारावर बोट ठेवले, तर ह्या शब्दांनी त्या व्यापाराची खूण म्हणून पेटीत किंवा मडक्यात पडणाऱ्या वस्तूवर. व्युत्पत्तीवरून समाजस्वभावाची अनुमाने काढण्याची हौस धोक्याची असल्यामुळे ह्या भेदास अधिक महत्त्व देण्याचे कारण नाही. परंतु एक गोष्ट त्यातून चांगली उघड होते. मतमोजणी करणाऱ्यापुढे असते ती वस्तू. मोजावयाचे असते ते मन. एरवी ह्या दोहोंतील अंतर कोणास जाणवत नाही, कारण दहा-वीस हजारांच्या मताधिक्यात संदिग्ध मतपत्रिका बुडून जातात. जेथे मतदारसंघ जवळजवळ समसमान दुभंगलेला असतो आणि विद्यमान सदस्याची जागा डळमळीत झालेली असते, तेथे मात्र हे अंतरच निवडणुकीचा निकाल ठरवू शकते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी व्हर्जिनिया ह्या राज्यात २०१७ च्या नोव्हेंबरात झालेल्या एका निवडणुकीत नेमके हेच घडले. तिची हकीकत वृत्तपत्रांत विस्ताराने आली, ती मुख्यत्वे नवलाची गोष्ट म्हणून. अर्थविचाराच्या अभ्यासकांनी तिच्याकडे पाहावे असे तिच्यात पुष्कळ आहे.

प्रथम स्थळाचा थोडा परिचय आवश्यक आहे. व्हर्जिनियाच्या कनिष्ठ सभागृहास ‘हाउस ऑफ डेलिगेट्स’ म्हणतात. १६१९ मध्ये जेम्सटाउन येथे भरलेल्या प्रतिनिधिसभेपासून ते आपली परंपरा सांगते. सदस्यसंख्या शंभर, मुदत दोन वर्षांची, आणि निवडणूक विषम वर्षी. म्हणजे ज्या वर्षी अध्यक्षपदाची वा राष्ट्रीय विधिमंडळाची सार्वत्रिक निवडणूक नसते त्या वर्षी. ह्या शेवटच्या व्यवस्थेचा परिणाम असा, की राज्याच्या निवडणुकीस मतदार कमी येतात, आणि जे येतात ते अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी येणाऱ्या समूहाहून रचनेने वेगळे असतात. ९४वा मतदारसंघ त्या काळी न्यूपोर्ट न्यूज ह्या शहरात होता. जेम्स नदीच्या मुखाशी वसलेले हे शहर आपल्या प्रचंड जहाजबांधणी कारखान्यासाठी प्रसिद्ध आहे. अमेरिकी नौदलाची अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू जहाजे येथे बांधली जातात.

ह्या मतदारसंघाचे विद्यमान सदस्य डेव्हिड यान्सी हे रिपब्लिकन पक्षाचे होते. २०११ मध्ये ते प्रथम निवडून आले. २०१५ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या शेली सिमंड्स ह्यांचा त्यांनी चांगल्या अंतराने पराभव केला होता. त्यानंतर एकाच वर्षाने, २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत, ह्याच मतदारसंघात हिलरी क्लिंटन ह्या डोनाल्ड ट्रम्प ह्यांच्या पुढे राहिल्या. दोन निवडणुकांतील मतदार तेच नव्हते, हे वर सांगितलेच आहे; तरीही फरकाचा सगळा भार मतदारसंख्येवर टाकता येत नाही. काही मतदार असे असलेच पाहिजेत, की ज्यांनी राज्याच्या सभागृहासाठी रिपब्लिकन उमेदवार आणि अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक उमेदवार पसंत केला. अशा मतदारसंघात विद्यमान सदस्याचे सारे बळ ह्या वर्गावर अवलंबून असते. परिचित चेहरा, रस्ते-शाळांची केलेली कामे, पत्रांना दिलेली उत्तरे ह्या गोष्टींमुळे जो मतदार पक्षाचे नाव क्षणभर बाजूस ठेवतो तोच त्यास तारतो. ही गोष्ट लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. पुढे तिचे काम पडणार आहे.

२०१७ मध्ये हे बळ ओसरू लागले. ट्रम्प ह्यांच्या विजयानंतर व्हर्जिनियात होणारी ही पहिली मोठी निवडणूक. राज्यपालपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाचे राल्फ नॉर्थम आणि रिपब्लिकन पक्षाचे एड गिलेस्पी ह्यांच्यात सामना होता. रिपब्लिकन उमेदवारास स्वतःविषयी कितीही बोलावयाचे असले, तरी त्याच्या नावापुढील पक्षनामाचा अर्थ त्याच्या हाती राहिला नव्हता. तोच शब्द, तोच उमेदवार. परंतु २०१५ मध्ये ‘रिपब्लिकन’ म्हणजे बव्हंशी आपला स्थानिक प्रतिनिधी, आणि २०१७ मध्ये ‘रिपब्लिकन’ म्हणजे अध्यक्षांचा माणूस. विशेषनामासारखा वापरला जाणारा शब्द आपला निर्देश न बदलता आपली छाया कशी बदलतो ह्याचे हे चांगले उदाहरण होय. नॉर्थम सुमारे नऊ टक्क्यांच्या आघाडीने निवडून आले. सभागृहात रिपब्लिकन पक्षाचे ६६ व डेमोक्रॅटिक पक्षाचे ३४ असे बलाबल होते. डेमोक्रॅटिक पक्षाने एका दिवसात १५ जागा मिळवल्या आणि ४९ पर्यंत मजल मारली. पन्नासावी जागा कोणाची हा प्रश्न उरला, आणि ती जागा यान्सींची होती.

अधिकृत मोजणीत यान्सी १० मतांनी पुढे होते. एकूण मतदान तेवीस हजारांवर झाले असता हे अंतर नाममात्र होते. सिमंड्स ह्यांनी फेरमोजणी मागितली. ती १९ डिसेंबर २०१७ रोजी झाली, आणि दिवसअखेर सिमंड्स ११,६०८ व यान्सी ११,६०७ असा आकडा आला. एका मताने विद्यमान सदस्य पडला होता. सभागृहात दोन्ही पक्ष ५०–५० होणार, सभापती कोणाचा आणि समित्या कोणाच्या ह्याविषयी वाटाघाटी कराव्या लागणार, असे दिसू लागले. ही नुसती पदांची वाटणी नव्हती. गरिबांसाठी असलेल्या सरकारी आरोग्यविमा योजनेचा विस्तार सभागृहातील रिपब्लिकन बहुमताने अनेक वर्षे रोखून धरला होता, आणि त्या विस्ताराने सुमारे चार लाख लोक विम्याच्या कक्षेत येणार होते. एका मताच्या पाठीमागे एवढे ओझे होते.

दुसऱ्या दिवशी चित्र पालटले. फेरमोजणीत काम केलेल्या रिपब्लिकन पक्षाच्या एका प्रतिनिधीने न्यायालयास पत्र लिहून कळविले, की आपण आदल्या दिवशी बाद म्हणून संमती दिलेली एक मतपत्रिका वास्तविक यान्सींच्या नावे धरावयास हवी होती. तीन न्यायाधीशांच्या फेरमोजणी न्यायालयाने ती मतपत्रिका मागविली, पाहिली, आणि ती यान्सींना दिलेले मत होय असा निर्णय २० डिसेंबर रोजी दिला. दोघांचीही मते ११,६०८ झाली.

ती मतपत्रिका अशी होती. व्हर्जिनियात प्रत्येक उमेदवाराच्या नावाजवळ एक लहान लंबवर्तुळ छापलेले असते आणि मतदाराने आपल्या पसंतीच्या उमेदवाराजवळचे लंबवर्तुळ शाईने भरावयाचे असते. ह्या अज्ञात मतदाराने सभागृहाच्या जागेसाठी सिमंड्स आणि यान्सी अशा दोघांचीही लंबवर्तुळे भरली होती. सिमंड्स ह्यांच्या भरलेल्या लंबवर्तुळावर मात्र एक तिरकी रेघ ओढलेली होती. राज्यस्तरावरील इतर पदांसाठी त्याने रिपब्लिकन उमेदवारांची लंबवर्तुळे भरली होती. आणि येथेच खरी गुंतागुंत आहे: राज्यपालपदासाठी गिलेस्पी ह्यांचे जे लंबवर्तुळ त्याने भरले होते त्यावरही फुलीसारखी एक जादा खूण होती, त्या पदासाठी दुसरे कोणतेही लंबवर्तुळ भरलेले नव्हते.

यंत्राच्या दृष्टीने प्रश्न सोपा होता. मतपत्रिका वाचणारे यंत्र लंबवर्तुळातील शाई पाहते. दोन लंबवर्तुळे भरलेली, जागा एक. म्हणून मत नाही. यंत्रास व्याकरण येते, अर्थ येत नाही, असे थोडक्यात म्हणता येईल. कायदा तेवढ्यावर थांबत नाही. यंत्राने बाजूस काढलेली मतपत्रिका माणसांनी डोळ्यांखालून घालावी आणि मतदाराचा हेतू निश्चितपणे कळत असल्यास ती त्याप्रमाणे मोजावी, असा व्हर्जिनियाचा नियम आहे. हे काम प्रत्येक ठिकाणी दोन्ही पक्षांच्या माणसांची जोडी करते. राज्याच्या निवडणूक मंडळाने त्यांच्या मार्गदर्शनासाठी नमुन्याच्या मतपत्रिकांची एक पुस्तिकाही केलेली होती. अशा पुस्तिकेस चिन्हांचा कोश म्हणण्यास हरकत नाही: अमुक प्रकारची खूण असल्यास तिचा अर्थ तमुक. ह्याच वर्षीच्या सप्टेंबरात मंडळाने पडद्यास बोट लावून मत देण्याची यंत्रे राज्यभर रद्द केली होती आणि सर्वत्र कागद आणला होता. हॅकिंगचे भय त्यामागे होते. कागद आला आणि त्याच्याबरोबर अर्थनिर्णयाचा प्रश्नही आला.

आता त्या रेघेचा विचार करू. भरलेल्या आकृतीवर ओढलेल्या रेघेचा सर्वसामान्य अर्थ खोडणे हा होय. लिहिताना चुकलेला शब्द मनुष्य आडव्या वा तिरक्या रेघेने खोडतो, आणि वाचणाऱ्यास त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. ह्या संकेतानुसार मतदाराने प्रथम चुकून सिमंड्स ह्यांचे लंबवर्तुळ भरले, चूक लक्षात येताच ते खोडले आणि मग यान्सींचे भरले, असा क्रम कल्पावा लागतो. हा अर्थ सरळ आहे. परंतु तोच संकेत राज्यपालपदास लावला तर मतदाराने गिलेस्पींचे मतही खोडले आणि त्या पदासाठी कोणासच मत दिले नाही असे मानावे लागते. ह्यात अशक्य काही नाही. पक्षाचा तो एक उमेदवार न आवडणारा मतदार असू शकतो. उलट, गिलेस्पींवरील फुली ही खोडण्यासाठी नसून ठासून सांगण्यासाठी आहे असे मानले, तर एकाच हाताने एकाच कागदावर केलेल्या जादा खुणेचा एका ठिकाणी ‘हो’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘नाही’ असा अर्थ करावा लागतो. किंवा सुसंगती राखावयाची तर सिमंड्स ह्यांच्यावरील रेघही समर्थनाचीच मानावी लागते. दोन सारख्या खुणांपैकी एकीस समर्थनाची जादा खूण जोडलेली असल्यास जादा खूण असलेला उमेदवार धरावा, अशा आशयाची तरतूद त्या पुस्तिकेत होती; पण एखादी जादा खूण समर्थनाची की नकाराची, हे ठरविण्याचे काम ती शेवटी वाचणाऱ्यावरच सोडते. कोशाने ‘प्रसंगानुसार’ असे लिहून सुटका करून घ्यावी तसाच हा प्रकार.

अनेकार्थी चिन्हाचा अर्थ प्रसंगाने ठरतो हे आपल्याकडील शास्त्रकारांना नवीन नाही. ‘सैंधव आण’ म्हटले असता जेवणाच्या पाटावरून बोलणाऱ्यास मीठ हवे असते आणि प्रवासास निघालेल्यास घोडा, हे उदाहरण प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असते. भर्तृहरीने शब्दार्थ निश्चित करणाऱ्या अशा कारणांची यादीच ‘वाक्यपदीया’त दिली आहे. ह्यापुढचे पाऊल मीमांसकांचे. अर्थनिर्णयाची साधने एकमेकांविरुद्ध गेल्यास कोणते बलवान मानावे ह्याचा क्रम त्यांनी लावून दिला: श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान आणि समाख्या. प्रत्येक पुढचे साधन आधीच्याहून दुबळे, कारण ते अर्थापासून एक पायरी दूर असते. यज्ञविधीसाठी केलेली ही व्यवस्था मतपत्रिकेस जशीच्या तशी लावणे हास्यास्पद ठरेल. पण पुरावा आणि त्याचे बळ ह्यांचा जो विवेक तिच्यात आहे तो येथे उपयोगी पडतो.

ह्या मतपत्रिकेवरील श्रुती, म्हणजे साक्षात् उच्चार, दोन भरलेली लंबवर्तुळे. आणि ती परस्परविरुद्ध आहेत. लिंग, म्हणजे खुणेचे अंगचे अर्थसामर्थ्य, ती रेघ. तिचा कल खोडण्याकडे आहे, पण गिलेस्पींवरील खुणेने तो डळमळीत केला आहे. उरते प्रकरण, म्हणजे संपूर्ण मतपत्रिकेचा संदर्भ: इतर सर्व मते रिपब्लिकनांना. आणि ह्या प्रकरणास एकसूत्रता देणारी जी गोष्ट, ती म्हणजे पक्षाचे नाव. मीमांसकांच्या भाषेत समाख्या, सर्वांत दुबळे प्रमाण. बलवान प्रमाण मुके झाले असता दुबळ्याचा आश्रय करण्यास शास्त्राची मनाई नाही. तेव्हा न्यायालयाने केलेला अर्थ अप्रामाणिक वा ओढाताणीचा होता असे म्हणता येत नाही. अनेक सूज्ञ वाचकांनी तो कागद पाहून तोच अर्थ केला असता. व्हर्जिनियात न्यायाधीशांची निवड विधिमंडळ करते, आणि ते त्या काळी रिपब्लिकनांच्या हाती होते, ह्यावरून पुष्कळ कुजबुज झाली. तिची येथे दखल घेण्याची आवश्यकता नाही. निर्णयाच्या बाजूने कागदावरचाच पुरावा पुरेसा होता.

आक्षेप घ्यावयाचा तो निराळ्या ठिकाणी. प्रकरणाचा आधार घेताना गृहीत धरलेली गोष्ट अशी, की जो मतदार इतर पदांसाठी एका पक्षास मत देतो तो ह्याही पदासाठी त्याच पक्षास देईल. सर्वसाधारण अमेरिकी मतदाराविषयी हे गृहीत बव्हंशी खरे आहे, आणि अलीकडच्या काळात अधिकाधिक खरे होत गेले आहे. परंतु ज्या मतदारसंघाचा हा कागद होता त्या मतदारसंघाविषयी काय? ज्यांनी एका पक्षाचा अध्यक्ष आणि दुसऱ्या पक्षाचा स्थानिक प्रतिनिधी पसंत केला, अशा मतदारांवरच तर यान्सींची जागा उभी होती. मतदार पक्षनामास बांधलेला नाही, ह्या वस्तुस्थितीवर जो सदस्य आजवर निवडून येत राहिला, तो शेवटी मतदार पक्षनामास बांधलेला असतो ह्या गृहीतावर वाचला. ह्यात यान्सींचा दोष काही नाही आणि न्यायालयाचाही नाही. संदर्भाने अर्थ ठरवावयाचा तर तो कोणत्या संदर्भाने, कागदाच्या की मतदारसंघाच्या, हा प्रश्न मात्र राहतोच. कागदापलीकडे पाहू नये हा नियम शहाणपणाचा आहे. नाहीतर मोजणाऱ्याच्या राजकीय अंदाजांना अंत राहणार नाही. पण कागदावरचे पक्षनाम तरी कागदापलीकडच्या ज्ञानावाचून कोठे बोलते? चारही पदांच्या उमेदवारांना जोडणारा धागा वाचणाऱ्याच्या डोक्यात असतो.

दुसरा आक्षेप कालक्रमाचा. आदल्या दिवशी दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींनी मिळून ती मतपत्रिका बाद ठरविली होती, तेव्हा निकाल कोणास ठाऊक नव्हता. दुसऱ्या दिवशी तिचा अर्थ नव्याने लावला गेला तेव्हा त्या एका अर्थाने काय होणार हे साऱ्या राज्यास ठाऊक होते. फेरमोजणी संपल्यावर ती पुन्हा उघडता येत नाही असे डेमोक्रॅटिक पक्षाचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मानले नाही, आणि फेरविचाराचा त्यांचा अर्जही पुढे फेटाळला. कायद्याची बाजू काहीही असो. अर्थ लावण्यापूर्वी त्याचे फळ दिसत असेल तर डोळे स्वच्छ राहत नाहीत हे कोणताही पाठचिकित्सक सांगेल. पोथीतील संदिग्ध अक्षर वाचताना आपला सिद्धान्त कोणत्या वाचनाने टिकतो हे ठाऊक असलेल्या पंडिताची जी अवस्था होते तीच येथे सर्वांची झाली होती.

अशा वाचनाचे प्रसंग अन्यत्रही आले आहेत. २००० मध्ये फ्लोरिडातील अर्धवट तुटलेल्या कागदी टिकल्यांनी अध्यक्षपद अडवून धरले होते, ते सर्वश्रुत आहे. मिनेसोटा राज्यात २००८ मध्ये सेनेटचे विद्यमान सदस्य नॉर्म कोलमन आणि त्यांचे प्रतिस्पर्धी अल फ्रँकन ह्यांच्या निवडणुकीत एका मतदाराने फ्रँकन ह्यांचे लंबवर्तुळ भरून शिवाय मोकळ्या जागेत ‘पालींसारखी माणसे’ अशा अर्थाचे नाव लिहून ठेवले होते. ही थट्टा की दुसरे मत, ह्यावर मंडळाने गांभीर्याने खल केला आणि मतपत्रिका बाद ठरविली. तेथे अखेरीस ३१२ मतांनी विद्यमान सदस्य पराभूत झाला, म्हणून त्या नावाचे भवितव्य कोणास फारसे जाणवले नाही.

भारतात कागदी मतपत्रिकांच्या काळी हाच प्रश्न १९६१ च्या निवडणूक नियमांनी सोडविला होता. एकाहून अधिक उमेदवारांपुढे खूण असल्यास मतपत्रिका बाद. पण खूण अस्पष्ट आहे किंवा एकाहून अधिक वेळा केली आहे एवढ्याच कारणाने ती बाद करू नये, खूण ज्या रीतीने केली आहे तीवरून विशिष्ट उमेदवारास मत देण्याचा हेतू स्पष्ट होत असला म्हणजे पुरे. व्हर्जिनियाची ती मतपत्रिका ह्या नियमापुढे आली असती तर बहुधा पहिल्याच वाक्याने बाद झाली असती. मतदानयंत्रे आल्यानंतर खुणेचा प्रश्न मिटला, कारण बटण दाबले गेले किंवा नाही ह्यापलीकडे यंत्रास तिसरी अवस्था नाही. वाद तेवढ्याने मिटले नाहीत. ते जागा बदलून बसले. राजस्थानात नाथद्वारा येथे २००८ मध्ये विद्यमान आमदार सी. पी. जोशी हे ६२,२१५ विरुद्ध ६२,२१६ अशा एका मताने पडले, तेव्हा न्यायालयात प्रश्न उपस्थित झाला तो खुणेचा नव्हे, तर मत देणारी व्यक्ती खरोखर तीच होती काय हा. चिन्ह निःसंदिग्ध झाले. चिन्ह करणाराच संदिग्ध ठरला.

मते समसमान झाली असता पुढे काय करावे ह्याविषयी मात्र दोन्ही देशांचे कायदे एकमताचे आहेत: चिठ्ठी टाकावी. मुंबई महानगरपालिकेच्या फेब्रुवारी २०१७ च्या निवडणुकीत २२० क्रमांकाच्या प्रभागात भारतीय जनता पक्षाचे अतुल शाह आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर ह्यांना प्रत्येकी ५,९४६ मते पडली, आणि चिठ्ठी शाह ह्यांच्या नावाची निघाली. विधानसभा व लोकसभा ह्यांच्यासाठी १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातील शब्दरचना मोठी मार्मिक आहे. ज्याची चिठ्ठी निघेल तो विजयी, असे ती म्हणत नाही. त्यास जणू एक मत अधिक पडले आहे असे समजून पुढील कार्यवाही करावी, असे म्हणते. दैवालाही मतदाराचा वेष दिल्याखेरीज विधिकारांना चैन पडले नाही.

व्हर्जिनियातील चिठ्ठी ४ जानेवारी २०१८ रोजी रिचमंड येथे काढण्यात आली. दोन्ही नावे कागदाच्या तुकड्यांवर लिहून छायाचित्रफितींच्या जुन्या डब्यांत घातली गेली आणि डब्या एका चिनीमातीच्या वाडग्यात ठेवल्या. तो वाडगा स्टीव्हन ग्लास ह्या व्हर्जिनियाच्या कुंभकाराने घडविलेला असून राज्याच्या कलासंग्रहालयाने त्या दिवसापुरता दिला होता. सिमंड्स समक्ष हजर होत्या. यान्सी आले नव्हते. निवडणूक मंडळाचे अध्यक्ष जेम्स ऑल्कॉर्न ह्यांनी एक डबी उचलली. तीत यान्सींचे नाव होते. १० जानेवारीस नवे सभागृह भरले तेव्हा रिपब्लिकन ५१ व डेमोक्रॅट ४९ असे बलाबल होते, आणि रिपब्लिकन पक्षाचे कर्क कॉक्स सभापती झाले. त्याच दिवशी सिमंड्स ह्यांनी पराभव मान्य केला.

पुढील घटना ज्यास निवडणुकीचा परिणाम म्हणजे केवळ बहुमताचा आकडा असे वाटते त्याने जरूर पाहाव्यात. ज्या आरोग्यविमा योजनेचे भवितव्य ह्या एका जागेस बांधलेले दिसत होते, तिचा विस्तार ५१–४९ च्या त्याच सभागृहाने २०१८ मध्ये मंजूर केला. निवडणुकीतील पडझड पाहिलेल्या अनेक रिपब्लिकन सदस्यांनीच तीस मते दिली, आणि राज्यपाल नॉर्थम ह्यांनी जूनमध्ये विधेयकावर सही केली. फेब्रुवारी २०१९ मध्ये स्त्रीपुरुषांच्या समान हक्कांविषयीची घटनादुरुस्ती समितीतून काढून सभागृहापुढे आणण्यासाठी नियम बदलावा असा प्रस्ताव आला. त्यास पन्नास मते अनुकूल व पन्नास प्रतिकूल पडली आणि तो फेटाळला गेला. अनुकूल पन्नासांत रिपब्लिकन एकच होता, आणि तो म्हणजे यान्सी. पक्षनामावरून मत ओळखता येते असे मानणाऱ्या कोणाही वाचकाने ह्या सदस्याचे मत त्या दिवशी चुकीचे वाचले असते. दुभंगलेल्या मतदारसंघात जागा टिकवावयाची तर त्या मतदारसंघाप्रमाणेच दुभंगून मतदान करावे लागते, हे त्यांना चांगले कळले होते.

ते कळूनही उपयोग झाला नाही. राज्यातील काही मतदारसंघांच्या सीमा वर्णभेदाच्या आधारे आखल्या गेल्या असा संघराज्य न्यायालयाचा निर्णय झाल्यामुळे २०१९ साठी त्या परिसरातील सीमा नव्याने आखण्यात आल्या, आणि बदललेल्या ९४व्या मतदारसंघात डेमोक्रॅटिक मतदारांचे प्रमाण वाढले. ५ नोव्हेंबर २०१९ रोजी यान्सी आणि सिमंड्स तिसऱ्यांदा समोरासमोर आले. सिमंड्स मोठ्या फरकाने निवडून आल्या, आणि नव्या सभागृहात डेमोक्रॅटिक पक्षास ५५ जागा मिळाल्या. त्या निवडणुकीतही कोणी दोन लंबवर्तुळे भरली असतील, कोणी रेघा ओढल्या असतील. ह्या खेपेस यंत्राने सांगितलेल्या आकड्यावर काम भागले, आणि ते कागद कोणास वाचावे लागले नाहीत.